भोंगेदादांचे कान

भोंगेदादांना खऱ्या नावाने हाक मारणारा आता बँकेतला कारकून तेवढा उरला होता, आणि तोही पासबुक बघून. बाकी सगळ्यांचे ते भोंगेदादा. चौतीस वर्षं हा माणूस माइक, स्पीकर आणि मिक्सर यांच्याबरोबर राहत आला होता. पहिली पंधरा वर्षं नाचाच्या एका बँडबरोबर भटकण्यात गेली आणि पुढची एकोणीस सार्वजनिक सभागृहात. नेमणुकीच्या कागदावर हुद्दा होता 'ध्वनिव्यवस्थापक', पण त्यांच्या जागेला सगळे म्हणत 'दादांची गादी'. गादी म्हणजे शेवटच्या रांगेमागचा लाकडी कठडा, त्यात बटणांनी गच्च भरलेला मिक्सर, एक फिरती खुर्ची आणि खाली चहाचा थर्मास. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं दादांना खपत नसे. एकदा खुद्द व्यवस्थापकसाहेब जरा टेकले, तर दादा शेजारी उभे राहून इतक्या नम्रपणे खोकले की साहेब आपणहून उठले.

दादांना गर्व एकाच गोष्टीचा होता, आपल्या कानांचा. आठशे खुर्च्यांच्या सभागृहात कुठे वायर सैल झाली, कुठल्या माइकमध्ये दमट हवा शिरली, हे ते जागेवरून न उठता सांगत. "यंत्रं खोटं बोलतील, हे दोघं बोलणार नाहीत," असं म्हणून ते दोन्ही कानांच्या पाळ्या धरून दाखवत. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी बघावं लागे, आणि जुन्यांना दर महिन्याला.

घरात मात्र या कानांचा फारसा दबदबा नव्हता. दादांची बायको एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शब्द सुटा, स्वच्छ आणि गरज पडली तर दोनदा उच्चारायचा, ही नोकरीतली सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. "दूध उतू जातंय. पुन्हा सांगते, दूध उतू जातंय," असं ती बसल्या जागेवरून सांगे. तिच्या लक्षात दोन वर्षांपासून एक गोष्ट येत होती. धुण्याचं यंत्र काम संपल्यावर टिंटिं करतं, ते दादांना कळतच नसे. मुलगी फोनवर बोलायची तेव्हा दादा मध्येमध्ये "हो हो, अगदी" म्हणायचे, आणि नेमकं तिने प्रश्न विचारलेला असायचा.

"हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात," दादा म्हणत.

"सगळं जग एकदम पुटपुटायला लागलं आणि तुम्ही तेवढे शाबूत राहिलात, असंच ना?" बायको म्हणे.

शिवाय ती शिट्टी होती. अंथरुणाला पाठ टेकली की दादांना एक बारीक, न संपणारी शिट्टी ऐकू येई. त्यांनी ठरवलं की फ्रिज बिघडला. मेकॅनिकला दोनदा बोलावलं. दुसऱ्या वेळी त्याने फ्रिजची पिनच काढून ठेवली, तरी शिट्टी चालू. तेव्हा दादांनी शेजाऱ्यांच्या फ्रिजवर संशय घेतला. स्वतःच्या डोक्यात काही वाजत असेल हा विचार त्यांना शिवला नाही, कारण डोक्याला लागून ते दोन नामांकित कान होते.

तर अशा या दादांच्या सभागृहात थंडीच्या दिवसांत महिलांच्या गायनवृंदाचा कार्यक्रम झाला. बत्तीस बायका, आणि त्यांच्यापुढे हात हलवायला गायनबाई. गायनबाई शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका, उंची पावणेपाच फूट आणि जीभ त्याहून बरीच लांब. दादांना त्या दिवशी बायकांचे आवाज घोंगडीखालून आल्यासारखे वाटत होते. त्यांनी ट्रेबलचं बटण फिरवलं. ट्रेबल म्हणजे आवाजातला बारीक, धारदार भाग. त्याने शब्द उजळ होतात, आणि जास्त झाला तर दात शिवशिवतात. दादांनी पाचवरून सहा केलं, सहावरून आठ. आता कसं, लखलखीत! समोरच्या रांगेत एक आजोबा डोळे मिटून कपाळ दाबत होते. दादांना वाटलं, तल्लीन झाले. दोघी-तिघींनी कानांवर पदर घेतला. दादांना वाटलं, पंखा जोरात असेल.

कार्यक्रम संपल्यावर गायनबाई तडक गादीपाशी आल्या.

"दादा, आज काय चाललं होतं?"

"झकास झालं की. चांगला उजळ आवाज लावला होता."

"उजळ? सुया टोचत होत्या लोकांना! प्रत्येक 'स' आणि 'श' कानात खुपत होता. आणि तिसऱ्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत माइक शिट्टी मारत होता, ती तरी बंद करायची?"

"कसली शिट्टी?" दादांनी विचारलं.

बाई बोलायच्या थांबल्या. गायनबाई गप्प झाल्याचं त्या सभागृहात कुणी आजवर पाहिलं नव्हतं.

"उन्हाळ्यात आमचा पुन्हा कार्यक्रम आहे," त्या मग म्हणाल्या. "तेव्हा मी साहेबांकडे दुसरा माणूस मागणार आहे. राग मानू नका, पण माझ्या बायका सहा-सहा महिने घसा फोडतात."

दादांनी राग मानलाच. शिट्टी? त्यांच्या सभागृहात? त्यांना न कळता? साहेबांनीही दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि गोडगोड शब्दांत सुचवलं की, इतकी वर्षं झाली, आता तिकीटखिडकीकडे बसायला काय हरकत आहे, तिथे खुर्चीही मऊ आहे. एकोणीस वर्षांची गादी एका दिवसात डुगडुगायला लागली. दादांनी शपथ घेतली की दोष शोधून काढीन आणि बाईंच्या हातात देईन.

मग त्यांनी सभागृह पालथं घातलं. वायरी बदलल्या, माइक उघडून पुसले, मिक्सरचं पोट साफ केलं. काही सापडेना. शेवटी शिडी लावून वरच्या स्पीकरमधले ट्विटर, म्हणजे फक्त बारीक आवाज काढणारे छोटे भोंगे, स्क्रू फिरवून काढले, पिशवीत भरले आणि आपल्या जुन्या दोस्ताच्या दुकानी नेले.

दोस्त पूर्वी त्याच नाचाच्या बँडमध्ये होता. पण तीन वर्षांतच, हा गोंगाट आपल्याला सोसत नाही म्हणून, तो बाहेर पडला आणि रेडिओ-दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. दादा त्याला तेव्हापासून 'नाजूकराव' म्हणत. नाजूकरावांचं दुकान म्हणजे उघडी पडलेली यंत्रं, सोल्डरचा वास आणि भिंतीवर काट्याचा एक जुना मोठा मीटर. त्यांनी पहिला ट्विटर यंत्राला जोडला.

"आता खालपासून वरपर्यंत सूर सोडतो. कुठे फाटतो ते सांग."

सूर निघाला, हळूहळू चढू लागला. दादा मान तिरकी करून ऐकत होते. "ठीक... ठीक... ठीक..." सूर बारीक होत गेला, विरळ झाला, आणि गेला.

"हां, मेला बघ! इथेच गडबड आहे," दादा आनंदाने ओरडले. "पुन्हा लाव."

नाजूकरावांनी सूर तसाच चालू ठेवला. दारात एक बाई इस्त्री दुरुस्तीला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी इस्त्री खाली ठेवली आणि दोन्ही कानांवर हात दाबले.

"अहो, बंद करा ना ते," त्या म्हणाल्या. "डोक्यात जातंय."

दादांनी भिंतीकडे पाहिलं. मीटरचा काटा मध्यावर ताठ उभा होता. भोंगा वाजत होता. पुरेपूर वाजत होता. दादांनी तो हातात घेतला, कानाशी नेला. बोटांना त्याची थरथर लागत होती आणि कानात काहीही नव्हतं.

"दुसरा लाव," ते म्हणाले. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. चौथा लावायला नाजूकरावांनीच नकार दिला, आणि इस्त्रीवाल्या बाईंना उद्या या म्हणून सांगितलं.

"माझे गेले वाटतं," दादा म्हणाले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं, आणि ते आलंही थोडंसं. नाजूकरावांनी यंत्र बंद केलं. तीस वर्षं ऐकलेल्या त्या टोपणनावाचा सूड घ्यायची याहून चांगली वेळ आली नसती, पण भल्या माणसाने चहा मागवला.

घरी दादांनी बायकोला सगळं सांगितलं. "मी म्हणतच होते" हे शब्द तिने गिळले. एवढा मोठेपणा तिला साधारण पंधरा मिनिटं झेपला. मग ते शब्द तिने दोनदा उच्चारले आणि लगेच फोन उचलून कानाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंकडे एक काचेच्या खिडकीची, आवाज न शिरणारी खोली होती. दादांनी आत जाताच दार तपासलं आणि सांगितलं की खालचं रबर सुटलंय, त्यामुळे रस्त्याचा खर्ज आत येतो. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला दादांनी भराभर दाबलं. पुढे बराच वेळ बटण हातात तसंच राहिलं.

बाहेर आल्यावर बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत बरी सरळ, आणि मग विहिरीत पडावी तशी खाली.

"बँडमध्ये स्पीकरच्या किती जवळ उभे राहायचात?"

"टेकून," दादा म्हणाले. "थंडीत ऊब यायची."

बाईंनी डोक्याला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्क्याण्णवला दोन. शंभरला मिळतात पंधरा मिनिटं. दादांनी मनात बँडची पंधरा वर्षं धरली आणि हिशेब केला. "म्हणजे मी माझ्या वाट्याचं सगळं ऐकून टाकलं, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांचंही," ते म्हणाले.

"गेलेलं परत येत नाही," बाई म्हणाल्या. "ती शिट्टीही बहुधा राहील, तिची सवय होते. पुढे यंत्र लावायचं का, तेही बघू. पण उरलंय ते पुष्कळ आहे आणि ते सांभाळणं तुमच्या हातात आहे. तुमच्या कानांच्या मापाची बुचं बनवू. त्यातून गाणं ऐकू येतं, मारा तेवढा कमी होतो. तासाला दहा मिनिटं बाहेर शांत बसायचं. स्पीकरची ऊब बंद."

"म्हणजे मी मिक्सर सोडू का?"

"कान मला कळतात, दादा. मिक्सर तुम्हाला."

कानात गुलाबी लगदा ओतून माप घेतलं. आठवड्याने बुचं आली, सुपारीएवढी, मऊ. ती घालून दादा पहिल्यांदा सभागृहात गेले तेव्हा दिवेवाल्यांनी पोटं धरली. आवाजवाल्याच्या कानात बूच! "दादा, आता आचाऱ्यांनाही सांगा, जिभेला फडकं बांधून स्वयंपाक करा." दादा चिडले, घरी येऊन बुचं डबीत ठेवली, बायकोने ती काढून त्यांच्या खिशात घातली, दादांनी परत डबीत ठेवली. हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी दादांनी बुचं मुकाट्याने कानात घातली आणि आवाज मोजायचं यंत्र आणून कठड्यावर टांगलं. सभागृहात एखाद्या बँडच्या तालमीत काटा शंभरावर गेला की ते थेट आवाजच कमी करायचे. कलाकारांच्या तोंडापुढचे स्पीकर त्यांनी मागे सरकवले. आणि दिवेवाल्यांसाठी स्पंजच्या बुचांची बरणी दारात ठेवली. हसणाऱ्यांनी आठ दिवसांत ती रिकामी केली, अर्थात कुणी बघत नसताना.

पण खरा पेच तसाच होता. वरचे आवाज दादांना येत नव्हते, आणि उन्हाळ्याचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता.

"सोपं आहे," नाजूकराव म्हणाले. "बाईंना सांग, ट्विटर खराब होते, बदलले. तुझ्या कागदावर खड्डा कुठे आहे ते दिसतंच, तेवढा ट्रेबल अंदाजाने कमी ठेव. कुणाला कळणार आहे?"

दादांना हा सल्ला फार आवडला. दोन दिवस तो त्यांनी मनात घोळवला. गादीही राहते, अब्रूही राहते. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका भाषणाच्या कार्यक्रमात अंदाजाने बटण लावून पाहिलं आणि श्रोत्यांच्या तोंडांकडे बघत बसले. लोक जांभया देत होते. आता त्या आवाजामुळे होत्या की भाषणामुळे, ते काही केल्या कळेना. दादांना स्वतःचीच लाज वाटली. चौतीस वर्षं आपण ऐकून काम केलं, आणि आता तोंडं वाचून चोरासारखं करायचं? ते उठले आणि गायनबाईंच्या घरी गेले. जाताना डॉक्टरांचा कागद घेतला.

बाईंनी तो चष्मा लावून वाचला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण रेघ विहिरीत पडलेली दिसली.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "तुम्हाला आमचं गाणं आवडत नाही. म्हणून दुर्लक्ष करता."

"आवडत नाही? बाई, गेली अकरा वर्षं तुमच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी रजा घेतलेली नाही. मुलीचं बाळंतपण होतं तरी!"

"मग आता करणार काय?"

"वरचं ऐकायला माझ्याकडे एक माणूस आहे," दादा म्हणाले. "कान एकदम पक्के. फक्त स्वभाव जरा कडक."

तो माणूस म्हणजे बायको. तिलाही दादांनी त्या काचेच्या खोलीत बसवून आणलं होतं. तिची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत आखल्यासारखी सरळ निघाली, आणि तिने तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावायची भाषा सुरू केली. गायनबाईंनी अट घातली की तालमीत पारख होईल. जमलं तर दादा, नाहीतर साहेब म्हणतील तो माणूस.

तालमीला गादीशेजारी दुसरी खुर्ची आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. बायकोने पिशवीतून पेन्सिल काढली. पेन्सिल वर केली की ट्रेबल वाढवायचा, खाली केली की कमी करायचा, आडवी धरली की हात लावायचा नाही. बायका गाऊ लागल्या.

"सहावर ठेवतो," दादा म्हणाले.

पेन्सिल खाली गेली.

"पाच?"

पेन्सिल आणखी खाली.

"अगं, तीनवर आणलंय! घोंगडीतून गातायत सगळ्या!"

"तुमच्यापुरती घोंगडी. तीन. पुन्हा सांगते, तीन."

दोघांचं असं जुंपलं की समोरच्या बत्तीस बायका गायच्या थांबून ऐकू लागल्या. गायनबाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना ताळ्यावर आणलं. मग त्या स्वतः मागे आल्या, कठड्याला टेकून डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि होकारार्थी मान हलवून पुढे गेल्या. दादांनी बायकोकडे पाहिलं. तिने पेन्सिल आडवी धरली होती.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता. सभागृह भरलं. साहेब चौथ्या रांगेत बसले होते आणि तिकीटखिडकीवरची मऊ खुर्ची रिकामी होती. दादांनी बुचं घातली, बायकोने पेन्सिल घेतली. खर्ज, मध्य, कोणता माइक जवळ, कोणता लांब, कुणाचा आवाज दुसरीच्या आवाजाखाली दबतोय, हे सगळं दादा बघत होते, आणि त्यात त्यांचा हात धरणारा अजून जन्मायचा होता. वरचं तेवढं पेन्सिलीवर. समोर कुणी कपाळ दाबत नव्हतं. मध्यंतरानंतर दादांना घाम पुसायलाही फुरसत नव्हती.

शेवटच्या गाण्यात सगळ्या बायका थांबल्या आणि त्यांतली एकटीच गाऊ लागली. शिवणकाम करणारी, किडकिडीत, तालमीत नेहमी मागे उभी राहणारी. तिचा सूर खूप वर होता आणि अगदी हलका. दादांना तिचे ओठ हलताना दिसत होते. सुराची खालची कड तेवढी त्यांच्यापर्यंत पोहोचत होती, बाकी सगळं कुठेतरी वरून जात होतं. मिक्सरवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, म्हणजे ते होतं. आठशे माणसं श्वास धरून बसली होती. दादांचं बोट आपोआप ट्रेबलच्या बटणावर गेलं. दोनच घरं. दोन घरं फिरवली की त्यांनाही ते ऐकू आलं असतं, नुसतं क्षणभर.

शेजारी पेन्सिल आडवी होती. बायकोचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. ती पुढे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

दादांनी बोट उचललं. पुन्हा मोह नको म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यावर बसून राहिले.

गाणं संपलं. लोक उभे राहिले. गायनबाईंनी मागे वळून गादीच्या दिशेने हात जोडले, आणि साहेबही मान वळवून हसले. बायकोने डोळे पुसले आणि दादांचं एक बूच काढून त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आलं का हो ऐकू?"

"अर्धंच."

"अरेरे."

"अरेरे काय त्यात? बाकीचं अर्धं तू सांग," दादा म्हणाले. "पण जरा सावकाश सांग, आणि दोनदा."